नेतृत्व मागावे काय?

गेल्या हिवाळ्यात कर्जतजवळ भरलेल्या तीन दिवसांच्या एका युवक नेतृत्व शिबिराला ट्रॉम्ब्यातील आमच्या मोहल्ल्यातून अकरा मुले गेली होती. सोबत एखादे वडीलधारे माणूस असावे म्हणून पालकांनी मला पाठविले. परतीच्या लोकलमध्ये त्यांतील एका मुलाने विचारले, “मौलाना, शिबिरात सांगितले की पुढे या, जबाबदारी स्वतःहून मागा. तुम्ही तर जुम्याच्या बयानात म्हणाला होतात की पद मागू नये. आम्ही खरे काय मानायचे?” कुर्ला येईपर्यंत मला उत्तर सुचले नाही.

प्रश्नामागे कारण होते. मोहल्ल्यात तरुणांची एक समिती स्थापन व्हायची आहे. अभ्यासिका चालविणे, रमजानमध्ये गरजू घरांत शिधा पोहोचविणे अशी तिची कामे. तिच्या प्रमुखपदासाठी आपले नाव द्यावे, असे या मुलाच्या मनात होते.

शिबिराला दोष देण्याची माझी मुळीच इच्छा नाही. नोकरीच्या अर्जावर घरचा पत्ता लिहिताना ज्यांचा हात अडखळतो, अशी ही मुले. तिसऱ्या दिवशी त्यांतील जवळजवळ प्रत्येकजण अनोळखी समुदायापुढे उभा राहून बोलला. संकोचाला आपण पुष्कळदा विनय समजतो आणि मुलांना गप्प बसण्याचेच संस्कार देतो. ही चूक आपली, पालकांची आणि इमामांचीही आहे.

तथापि हदीस स्पष्ट आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन समुरा (रजि.) यांना अधिकारपद मागू नका असे बजावले. मागून मिळाले तर माणूस त्याच्या ओझ्याखाली एकटा सोडला जातो. न मागता मिळाले तर अल्लाहची मदत लाभते. हजरत अबू जर (रजि.) यांनी आपल्यावर एखादी कामगिरी सोपवावी अशी विनंती केली, तेव्हा प्रेषितांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले की तुम्ही दुर्बल आहात आणि ही अमानत आहे. अबू जर यांच्या सत्यनिष्ठेविषयी कोणाला शंका असेल? पण माणूस सज्जन आहे एवढ्यावरून तो प्रत्येक कामाला योग्य ठरत नाही, आणि नकारदेखील मायेने देता येतो. आपल्या समित्या व मंडळांत हे दोन्ही आपण विसरलो आहोत.

मग हजरत यूसुफ (अलै.) यांचे काय? त्यांनी तर मिसरच्या बादशहाकडे भूमीच्या भांडारांचा कारभार स्वतः मागितला. सूरह यूसुफच्या ५५व्या आयतीत हे आलेले आहे. दुष्काळ समोर होता, आणि धान्य कसे राखावे हे जाणणारा दुसरा कोणी नव्हता. त्यांनी पुढे केले ते आपले कुलीन घराणे नव्हे, पैगंबरपुत्र असणे नव्हे, तुरुंगात सोसलेला अन्यायही नव्हे. मी जतन करणारा आहे आणि जाणकार आहे, एवढेच ते म्हणाले. माझ्या अल्पमतीप्रमाणे भेद इथे आहे. एकाला खुर्ची दिसते, दुसऱ्याला भुकेली माणसे दिसतात. तोंडातून निघणारे शब्द मात्र दोघांचे सारखेच असू शकतात. म्हणूनच बाहेरून पाहणाऱ्याला निवाडा करता येत नाही.

आमच्याच वस्तीचे एक उदाहरण घ्या. आज चीता कॅम्पमध्ये राहणाऱ्या अनेक कुटुंबांचे वडील-आजोबा पूर्वी मानखुर्दच्या जनता कॉलनीत राहत. शेजारच्या भाभा अणुसंशोधन केंद्राला ती जागा हवी होती. तिथे कोलारकडून आलेला जोकिन अर्पुथम नावाचा एक तरुण होता. तो मुसलमान नव्हता आणि त्याच्यापाशी कोणतेही पद नव्हते. वस्तीचा कचरा उचलला जात नाही हे पाहून त्याने मुलांना सोबत घेतले आणि तो कचरा नेऊन पालिकेच्या दारात टाकला. पुढे वस्ती वाचविण्याच्या लढ्यात लोक त्याच्यामागे उभे राहिले. तो लढा ते हरले. १९७६ साली, आणीबाणीत, जनता कॉलनी पाडण्यात आली आणि माणसे इथे आणून वसविली गेली. अर्पुथम यांना पुढे २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे खरे. परंतु कचरा उचलताना त्या तरुणाला पुरस्कार कुठे दिसत होता?

आता स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. एका रमजानमध्ये तरावीहच्या नमाजमध्ये मी एका आयतीवर अडखळलो. मागच्या सफमधून एका मुलाने लुकमा दिला, म्हणजे चुकलेला शब्द मोठ्याने उच्चारून सांगितला. तो स्वीकारून मी पुढे गेलो. शरीअतची शिकवण तीच आहे. पण सलाम फेरल्यावर त्या मुलाकडे पाहण्याचे मी टाळले. दोन दिवस मनात काटा राहिला. ही इमामत मी कोणाकडे मागितली नव्हती, मोहल्ल्यानेच मला बोलाविले होते. न मागता मिळालेल्या जागेचाही मोह मनात शिरतो, हे मला त्या रात्री कळले. नमाजमध्ये इमाम सर्वांत पुढे असतो खरा, पण मागे उभ्या असलेल्या अल्पवयीन मुलालाही त्याची चूक दाखविण्याचा हक्क आहे. शिबिरात मुलांना बोलण्याचा सराव पुष्कळ झाला. कोणी चूक दाखविली असता ती ऐकून घेण्याचा सराव झाला असता, तर मीही त्यांच्या रांगेत बसलो असतो.

हजरत उसामा बिन जैद (रजि.) विशीच्या आत-बाहेरचे असताना सेनापती नेमले गेले. त्यांच्या वयावरून लोकांत कुरबूर झाली. प्रेषितांच्या निधनानंतर खलीफा अबू बक्र (रजि.) त्यांना निरोप द्यायला निघाले तेव्हा उसामा घोड्यावर होते आणि वृद्ध खलीफा पायी चालत होते. उसामा संकोचून उतरू लागले, पण खलीफांनी उतरू दिले नाही. उलट, उमर (रजि.) यांना मदीनेत ठेवून घेण्यासाठी त्यांनी या तरुणाची परवानगी मागितली. मुलांना पुढे व्हा असे सांगणाऱ्या वडिलधाऱ्यांनी हा प्रसंग अधूनमधून वाचावा.

कुर्ल्याला हार्बरची गाडी पकडल्यावर मी त्या मुलाला दोन गोष्टी विचारल्या. शिधा कोणकोणत्या घरांत पोहोचत नाही, हे तुला ठाऊक आहे का? त्याने आठ-दहा घरे गल्लीनिशी सांगितली. त्यांतील तीन मलाही माहीत नव्हती. मग विचारले, प्रमुख दुसरा कोणी झाला, तर त्याच्या हाताखाली हेच काम तू करशील का? तो खिडकीबाहेर पाहू लागला. मानखुर्द आल्यावर उतरताना म्हणाला, “मौलाना, खरे सांगू? मला माहीत नाही.”

निवड येत्या जुम्याला असरनंतर आहे. त्याने नाव दिले आहे की नाही, मी विचारलेले नाही.