दोरा आणि सुई

एक प्रश्न आपणांपुढे ठेवतो. आईने मुलाच्या दंडाला काळा दोरा बांधला, तर ती धम्मापासून ढळली असे आपण म्हणतो. मग आजोबाने त्याच मुलाच्या पाठीच्या कण्यात पारख न केलेले औषध सुईने सोडविले, तर त्याला काय म्हणावयाचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी विहारात पुष्कळ वेळा दिले आहे, आणि मोठ्या आवाजात दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर देण्याची पाळी आली तेव्हा माझा आवाज बसला.

माझा नातू २०१४ साली जन्मला. तीन वर्षांचा झाला तरी हाक मारली तर वळून पाहत नसे. भांड्याचे झाकण जमिनीवर फिरवीत तासन्‌तास बसे. कुकरची शिट्टी झाली की कान झाकून किंचाळे. २०१८ साली सरकारी रुग्णालयातील डॉक्टरीणबाईंनी सांगितले की ही स्वमग्नता आहे. ऑटिझम म्हणतात तो हाच. मेंदूची घडणच जन्मापासून निराळी असते, ती बदलून टाकणारे औषध नाही. बोलण्याचा सराव, चित्रांच्या साहाय्याने शिकविणे, ठरलेला दिनक्रम आणि घरच्यांचा धीर, एवढे करा म्हणाल्या. हे उत्तर खरे होते आणि फुकट होते. फुकट होते म्हणूनच की काय, ते आम्हांला पुरेसे वाटले नाही.

त्याच वर्षी आमच्या विहीणबाईंनी गावाकडच्या भगताकडून दोरा आणला. दक्षिणा अकरा रुपये. सूनबाईने तो मुलाच्या दंडाला बांधला. पौर्णिमेच्या वंदनेला तो माझ्या नजरेस पडला आणि मी तेथल्या तेथे, चाळीस माणसांसमोर, तो तोडला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपणांस बावीस प्रतिज्ञा कशासाठी दिल्या, यावर दहा मिनिटे बोललो. लोकांनी माना डोलावल्या. पोर भेदरून किंचाळत होते. सूनबाई त्याला उचलून बाहेर गेली, आणि मी बोलतच राहिलो. त्याच बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याचीही प्रतिज्ञा आहे, हे त्या दहा मिनिटांत मला आठवले नाही.

दोरा तोडला. आता विज्ञानाची कास धरावयाची. म्हणून मी स्वतः चौकशी सुरू केली. एका खाजगी केंद्रात सांगण्यात आले की गहू आणि दूध बंद करा, मूल बोलू लागेल. आता या मुलाच्या तोंडी जिन्नस उतरत ते पाचच, आणि त्यांत पोळी, दूध आणि बिस्किट हे तीन. तीन महिन्यांत त्याचे वजन दोन किलोंनी उतरले. मग कोणी सांगितले की अंगात पारा आणि शिसे साठले आहे, ते औषधाने बाहेर काढावे लागेल. तो उपाय आम्ही केला नाही, कारण त्या महिन्यात पैसे नव्हते. शहाणपण म्हणून नव्हे. अमेरिकेत ऑगस्ट २००५ मध्ये अशाच उपचाराच्या वेळी पाच वर्षांचा एक स्वमग्न मुलगा दगावला होता, हे मी फार पुढे वाचले आणि ती रात्र मला झोप आली नाही.

शेवटी २०१९ साली आम्ही एका मोठ्या शहरात गेलो. तेथे कमरेच्या हाडातील मज्जा काढून तिच्यातील मूळपेशी पाठीच्या कण्यात सोडतात. गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक होते, आलेख होते, पांढरा कोट होता. माझ्या निवृत्तीच्या रकमेतून दोन लाख रुपये आगाऊ भरले. मुलाला भूल देऊन आत नेले तेव्हा मी त्या डॉक्टरांपुढे हात जोडले. भगतापुढे हात जोडणाऱ्यांना मी जन्मभर हसलो होतो.

मी एकही प्रश्न विचारला नव्हता. विचारला असता तर कळले असते की २०१७ सालच्या आपल्या देशाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही आजारांखेरीज मूळपेशींचा असा उपयोग संशोधनाच्या चौकटीबाहेर करावयाचा नाही. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानेही सांगितले की स्वमग्नतेवर हा उपचार देण्याजोगा पुरावा नाही आणि तो देणे हे व्यावसायिक गैरवर्तन होय.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी मुलगा ‘पाणी’ म्हणाला. घरात दिवाळी झाली. मी विहारात जाऊन सांगितले, पाहा, दोऱ्याने नव्हे, विज्ञानाने मूल बोलले!

सूनबाईचे शिक्षण सातवीपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यापासून ती एका दोनशे पानी वहीत रोज चार ओळी लिही. काय खाल्ले, किती झोपला, कशाने चिडला, काय नवीन केले. एके रात्री तिने ती वही माझ्यापुढे ठेवली आणि एका पानावर बोट ठेवले. ‘पाणी’ हा शब्द तो सुई टोचण्यापूर्वी दोन महिने, अंगणातल्या नळापाशी, तीन वेळा म्हणाला होता. ती एवढेच म्हणाली, “बाबा, तुम्ही तेव्हा बाहेरगावी होता.” माझी पत्नी मात्र गप्प बसणारी नव्हे. ती म्हणाली, “तिचा दोरा तुम्ही तोडला. तुमचा कोण तोडणार?”

वाचकहो, या वहीशी ताडून पाहण्याजोगी एक गोष्ट जगाच्या वैद्यकात घडलेली आहे. १९९८ साली अमेरिकेत तीन मुलांच्या उदाहरणावरून बोलबाला झाला की सिक्रेटिन नावाचे, पोटाच्या तपासणीत वापरले जाणारे संप्रेरक टोचले की स्वमग्न मुले सुधारतात. आईबापांची रीघ लागली. १९९९ साली डॉक्टरांनी साठ मुले घेऊन परीक्षा केली. काहींना सिक्रेटिन दिले, काहींना नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय दिले हे आईबापांनाही ठाऊक नव्हते. दोन्ही गटांतली मुले सुधारलेली दिसली, आणि सारखीच! मुले वाढत असतात, आणि आशा धरलेला डोळा जास्त बारकाईने पाहू लागतो, त्याचा हा परिणाम. पण पुढची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. निकाल सांगितल्यावरही शंभरातल्या एकोणसत्तर पालकांना ते औषध हवेच होते. ते काही अडाणी नव्हते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हात वर केला असता.

तेव्हा अंधश्रद्धा दोऱ्यात असते आणि सुईत नसते असे नव्हे. केसपुत्त नगरीतील कालामांना तथागतांनी जे सांगितले ते आपण सारे पाठ म्हणतो. परंपरेने आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. पण त्याच यादीत आणखी एक कलम आहे, ते आपण घाईने म्हणून टाकतो: सांगणारा मनुष्य भारदस्त दिसतो म्हणूनही मानू नका. ते कलम माझ्यासाठीच होते. भगत भारदस्त दिसत नाही, म्हणून त्याला नाकारणे मला सोपे गेले. इंग्रजी बोलणाऱ्या पांढऱ्या कोटाला नाकारण्यासाठी जे बळ लागते ते माझ्या अंगी नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या ज्ञानाच्या दारापासून दूर ठेवलेल्या माणसाला ज्ञानाचा वेषही पूज्य वाटतो, हे माझे दुखणे आहे आणि मला वाटते आपल्यापैकी पुष्कळांचे आहे. मात्र डॉक्टर तेवढे लबाड, असा अर्थ कोणी काढू नये. फुकट आणि खरे उत्तर देणाऱ्या बाईही डॉक्टरच होत्या.

विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची हकीकत आहे. साकेत नगरीत एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षे डोकेदुखीने आजारी होती. मोठमोठे वैद्य येत, पुष्कळ सोने घेत आणि चालते होत. म्हणून तिने तरुण जीवकाला दारातूनच परत पाठविले. तेव्हा तो म्हणाला की आगाऊ काही देऊ नका, बरे वाटल्यावर इच्छेस येईल ते द्या. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईला जो संशय आला तो मला आला नाही.

आता दुसरी गोष्ट. आमच्या विहारातील एक वृद्ध उपासक, मनाने चांगला माणूस, मला बाजूला घेऊन म्हणाला, “मागल्या जन्मीचे काही असेल, दुसरे काय!” आपल्या विहारात, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली! संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना हाच प्रश्न विचारला आहे. बुद्धांनी पित्त, कफ, वात, ऋतुपालट, आघात अशी दुःखाची वेगवेगळी कारणे सांगितली, आणि सर्व काही पूर्वकर्माने होते असे म्हणणारे आपल्या जाणण्यापलीकडचे बोलतात असे म्हटले. बाबासाहेबांनी तर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात याचे मर्मच उघडे केले: दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता यावी, याखेरीज गतकर्माच्या या सिद्धान्ताचा दुसरा हेतू दिसत नाही. मागच्या जन्माचे नाव घेतले की मग शाळेत अशा मुलासाठी शिक्षक का नाही, हे विचारावयास नको.

आणि हा दोष एकट्या आपल्याकडचा नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले. त्यानंतर कित्येक वर्षे पाश्चात्त्य पंडित आईच्या थंडपणावर बोट ठेवीत होते. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्याच्या तीन वर्षे आधीच बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, हे दोषारोप खोडून काढले होते. कोणी पूर्वजन्मावर ढकलतो, कोणी आईवर. ढकलणे तेवढे सारखे.

आता ज्या प्रश्नाला मी सर्वांत अधिक भीत होतो तो सांगतो. मी हे सारे कोणासाठी केले? मुलासाठी, असे मी म्हणत असे. १९९३ साली टोरोंटो येथील परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वतः स्वमग्न असलेल्या वक्त्याने पालकांना सांगितले की तुमचा शोक आमच्याबद्दल नाही. तुम्ही ज्याची वाट पाहिली आणि जे जन्मलेच नाही, त्या मुलाबद्दल तो आहे. हे वाचले आणि मला किसा गोतमी आठवली. मेलेले मूल कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागत होती. तिचे मूल खरोखर गेले होते. आमचे तर जिवंत आहे, खाते, हसते, नळाखाली हात धरून पाण्याची धार तासभर न्याहाळते. त्याला कडेवर घेऊन मी दुसऱ्याच एका मुलासाठी औषध मागत हिंडत होतो. तृष्णेचा एक प्रकार तथागतांनी विभवतृष्णा म्हणून सांगितला आहे: जे आहे ते नसावे ही तहान. तिला मी करुणा समजत होतो.

मूळपेशींनंतर आम्ही काही केले नाही असे नाही. आठवड्यातून दोनदा वाचाउपचार, घरी चित्रांचा तक्ता, आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. २०१६ च्या कायद्यात स्वमग्नतेची नोंद आहे, ती ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ठाऊक करून घ्यावी. तो आता थोडे बोलतो. तहान, भूक, ‘नको’ हे सांगतो. ‘नको’ हा शब्द त्याला आला तो दिवस सूनबाईने वहीत लाल शाईने लिहिला आहे.

विहारात मात्र तो अजून दाराबाहेर बसतो. कर्ण्याचा आवाज त्याला सोसत नाही, तो किंचाळतो, आणि किंचाळला की माना वळतात. कोणी बाहेर जा म्हणत नाही. आईच त्याला घेऊन पायरीवर बसते. गावाबाहेर बसविलेल्यांच्या नातवाची ही जागा आहे. भगवंतांनी मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्षूला आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, ही कथा आम्ही त्याच कर्ण्यावरून सांगतो आणि ती ऐकण्यासाठी त्याला बाहेर बसावे लागते.

येत्या पौर्णिमेला समितीची बैठक आहे. वंदनेच्या वेळी कर्णा बंद ठेवावा असा ठराव मी मांडणार आहे. चाळीस माणसांच्या खोलीला कर्णा लागतोच कशाला? विरोध होईल असे दिसते. त्याच बैठकीत मला आणखी एक बोलावयाचे आहे. दोरा मी चाळीस माणसांसमोर तोडला होता. सूनबाईची क्षमा मात्र स्वयंपाकघरात मागितली.