प्रवरपूरचे परराष्ट्रकारण

पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने आपली राजधानी रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून, म्हणजे आजच्या नगरधनहून, प्रवरपूर या नव्या नगरात नेली. त्याच्या अकराव्या राज्यवर्षातला बेलोऱ्याचा ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला आहे; अठराव्या वर्षातला चम्मकचा ताम्रपट प्रवरपुराहून. प्रवरपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातले, धाम नदीकाठचे पवनार, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. नागपूर विद्यापीठाने १९६७ मध्ये पवनारला उत्खनन केले. विनोबा भावे यांच्या परंधाम आश्रमाच्या जमिनीत खणताना राम-भरत भेटीसारखी शिल्पे निघाली, ती मिराशींनी प्रवरसेनाच्या काळच्या राममंदिराची मानली. पुढे रामटेकजवळ मनसरला मोठे अवशेष सापडल्यावर काही संशोधकांनी प्रवरपुराचा मान मनसरला दिला आणि तो वाद अजून मिटलेला नाही. मात्र राजधानीची जागा कोणतीही धरली, तरी तिथून चाललेल्या राज्यकारभाराचे स्वरूप बदलत नाही. बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये सापडलेले मध्यम ताकदीचे राज्य स्वतःला कसे सांभाळते, याचे महाराष्ट्राच्या भूमीवरचे हे एक जुने आणि चांगले नोंदलेले उदाहरण आहे.

वाकाटकांची अडचण आणि त्यांची किंमत, दोन्ही भूगोलातून आल्या होत्या. उत्तरेला गंगेच्या खोऱ्यातली गुप्त सत्ता, वायव्येला माळवा आणि सौराष्ट्रातले शक क्षत्रप, दक्षिणेला कुंतल देश, पूर्वेला कोसल आणि बस्तरच्या बाजूचे नल. उत्तरेतून दक्षिणेत उतरणाऱ्याला विदर्भ ओलांडावा लागे आणि माळव्यावर चालून जाणाऱ्याच्या बगलेला विदर्भ येई. शकांवर स्वारी करणाऱ्या उत्तरेकडच्या राजाला वाकाटक मोठा उपयोग किंवा मोठा उपद्रव करू शकत होते, असे व्हिन्सेंट स्मिथ या इतिहासकाराने १९१४ मध्ये लिहून ठेवले. अशा जागी बसलेल्या राज्याला कोणाशीच संबंध न ठेवण्याची मुभा नसते. कोणाशी आणि कोणत्या अटींवर, एवढेच त्याच्या हातात उरते.

वाकाटकांनी यासाठी वापरलेले पहिले साधन सोयरिकीचे. घराण्याचा खरा विस्तार करणारा पहिला प्रवरसेन याने चार अश्वमेध केले आणि सम्राट हे पद घेतले; पुढच्या कोणा वाकाटकाने ते घेतले नाही. एवढा पराक्रमी असूनही त्याने आपल्या मुलाचे, गौतमीपुत्राचे, लग्न भारशिव घराण्याचा नाग राजा भवनाग याच्या मुलीशी लावले. गौतमीपुत्र गादीवर आला नाही. नातू पहिला रुद्रसेन आला. नंतरच्या जवळजवळ प्रत्येक ताम्रपटाच्या वंशावळीत हा रुद्रसेन भवनागाच्या मुलीचा मुलगा असल्याचे सांगितले जाते. राजाच्या आजोळचा उल्लेख पिढ्यान्‌पिढ्या करणे ही त्या काळच्या दानपत्रांत सर्रास आढळणारी गोष्ट नव्हे. त्यावरून भवनागाचा आधार या घराण्याला किती मोलाचा वाटला असेल, हे दिसते. खांद्यावर शिवलिंग वाहणारे आणि पराक्रमाने मिळवलेल्या भागीरथीच्या जलाने अभिषेक झालेले, अशी या भारशिवांची ओळख त्याच ताम्रपटांत दिलेली आहे. आजोळचे वैभव नातवाच्या कागदपत्रांत झळकावे, हा हेतू त्यात उघड आहे.

दुसरी सोयरीक अधिक मोठी होती. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त आणि नाग कुळातली राणी कुबेरनागा यांची मुलगी प्रभावतीगुप्ता हिचा विवाह चौथ्या शतकाच्या अखेरीस वाकाटक युवराजाशी, पुढच्या दुसऱ्या रुद्रसेनाशी, झाला. त्याच सुमारास चंद्रगुप्ताने माळवा आणि सौराष्ट्रातल्या शक क्षत्रपांची तीनशे वर्षांची सत्ता मोडली. या मोहिमेत विदर्भाची बाजू निर्धोक असणे त्याला आवश्यक होते. वाकाटकांनाही उत्तरेची चिंता उरली नाही. उभयपक्षी गरज होती म्हणून ही सोयरीक टिकली.

रुद्रसेन लवकर वारला, मुले लहान होती. प्रभावतीगुप्तेने बारा-तेरा वर्षांहून अधिक काळ राज्य चालवले. तिचा पुण्यात मिळालेला ताम्रपट या काळाचा साक्षीदार आहे. चौकोनी पेटीसारखी डोकी असलेल्या अक्षरांची लिपी विदर्भाची म्हणून ओळखली जाते. या पत्र्यांवर मात्र गुप्तांच्या मुलखातल्या वळणाचीही छाप आहे. मुद्रेवर ती स्वतःला युवराजाची आई म्हणवते. परंतु वंशावळ सुरू होते ती सासरच्या वाकाटकांपासून नव्हे, माहेरच्या गुप्तांपासून. गोत्रही ती माहेरचे, धारण, सांगते. त्या मजकुरात समुद्रगुप्ताचे अश्वमेध आणि चंद्रगुप्ताचे दिग्विजय आधी येतात, पती नंतर. विधवा राणी आणि अल्पवयीन युवराज यांच्या राज्यावर डोळा ठेवणाऱ्या प्रत्येकाला तिच्या पाठीशी कोण उभे आहे, हे त्या पहिल्या ओळींतूनच कळावे, अशी ही रचना आहे.

माहेरचे हे नाते केवळ कागदावर नव्हते. तिच्याबरोबर पाटलीपुत्राकडून अधिकारी आणि लेखनिक आले असावेत, असे ताम्रपटांच्या वळणावरून अभ्यासकांनी अनुमान केले आहे. परक्या मुलखात स्थिरावलेल्या माणसांनी दोन राज्ये जोडावीत, ही आजही ओळखीची गोष्ट त्या काळी राणीच्या परिवारातून घडली. गुप्तांची विष्णुभक्ती विदर्भात रुजली. शैव घराण्याची ही सून रामगिरीच्या स्वामीची, म्हणजे रामटेकच्या देवाची, भक्त झाली. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मिळालेला तिचा दुसरा ताम्रपट रामगिरीहून दिलेला असून तो तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला आहे. म्हणजे मुलगा प्रौढ राजा झाल्यावरही ती दानपत्रे देत होती आणि तेव्हाही गोत्र माहेरचेच सांगत होती.

तथापि नाते जितके जवळचे, तितका त्यात गुंता होण्याचा धोका असतो. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरातल्या खंडित शिलालेखावरून हे दिसते. अभ्यासक हान्स बाकर यांच्या वाचनानुसार प्रभावतीच्या मुलीचे लग्न तिच्या मामाशी, घटोत्कचगुप्ताशी, झाले होते आणि पुढे तिच्या भावाने तिला माहेरी परत आणले. चंद्रगुप्तानंतर गुप्तांच्या घरात वारशाचा तंटा झाला आणि त्याची झळ विदर्भापर्यंत आली, असा अर्थ त्यातून लावला गेला आहे. बड्या मित्राच्या घरातले भांडण लहान मित्राला टाळता येत नाही.

प्रवरसेनाच्या काळात राज्य शांत होते आणि त्याने ती शांतता अंतर्गत व्यवस्थेसाठी वापरली. त्याचे वीसच्या आसपास ताम्रपट मिळाले आहेत. इतकी दानपत्रे अन्य कोणा वाकाटक राजाची नाहीत. त्यांतला चम्मकचा ताम्रपट राज्याच्या सुरक्षेचा विचार करणाऱ्याने मुद्दाम वाचावा. अचलपूरजवळचे, मधुनदीच्या काठचे चर्मांक गाव प्रवरसेनाने एक हजार ब्राह्मणांना दिले. गावात सैनिकांनी शिरू नये, कर घेऊ नयेत, अशा नेहमीच्या सवलती त्यात आहेतच. पण पुढे अटी येतात. दान घेणाऱ्यांनी राज्याविरुद्ध द्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार आणि राजाला विषप्रयोग अशी पापे करू नयेत, युद्ध करू नये आणि दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये. हे पाळले तरच दान चंद्रसूर्य असेपर्यंत चालेल. कोणी याविरुद्ध वागला, किंवा वागणाऱ्याला संमती दिली, तर जमीन काढून घेणाऱ्या राजाला चोरीचा दोष लागणार नाही.

धर्मदानाच्या पत्रात घातलेली ही कलमे राजाची दूरदृष्टी दाखवतात. चर्मांक गाव ज्यात येते, तो भोजकट हा सरहद्दीकडचा प्रदेश. तिथे हजार कुटुंबे वसवणे म्हणजे मुलूख लागवडीखाली आणणे, आणि त्याच वेळी तिथे निष्ठावंत माणसांची वस्ती उभी करणे. सीमा फौजेने राखली जाते, तशी ती तिथे राहणाऱ्यांच्या निष्ठेनेही राखली जाते, हे प्रवरपूरच्या दरबाराला उमगले होते.

याच दरबारात महाराष्ट्री प्राकृतातले ‘सेतुबंध’ हे महाकाव्य रचले गेले. परंपरा त्याचे कर्तृत्व प्रवरसेनाला देते. अकबराच्या काळातल्या रामदास या टीकाकाराने ते विक्रमादित्याच्या, म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या, आज्ञेवरून कालिदासाने प्रवरसेनासाठी रचल्याचे म्हटले आहे. कालिदास कुंतलेश्वराच्या दरबारी वकील म्हणून गेल्याची आख्यायिकाही क्षेमेंद्र आणि भोज यांच्या ग्रंथांतून डोकावते. या कथांतला प्रत्येक तपशील खरा मानण्याचे कारण नाही. मात्र कवी, वकील आणि सोयरे यांची ये-जा गुप्त आणि वाकाटक दरबारांमध्ये होती, ही आठवण त्यांत टिकून राहिली आहे.

प्रवरसेनाचा मुलगा नरेंद्रसेन याच्या काळात परिस्थिती पालटली. गुप्तांना हूणांच्या आक्रमणाला तोंड द्यावे लागले आणि विंध्याच्या दक्षिणेकडे बघायला त्यांना सवड उरली नाही. ज्या आधारावर तीन पिढ्या निर्धास्त होत्या, तो आधार सैल झाला. नरेंद्रसेनाने दुसरीकडे हात पसरला. त्याची राणी अज्झितभट्टारिका कुंतलाच्या राजाची मुलगी होती. बालाघाटच्या ताम्रपटात तसे सांगितले आहे. कोसल, मेकल आणि माळव्याचे राजे त्याची आज्ञा मानत, असाही दावा तिथे आहे. परंतु पूर्वेकडून नल राजा भवदत्तवर्मा चालून आला आणि त्याने थेट जुनी राजधानी नंदिवर्धन घेतली. त्याचा ताम्रपट नंदिवर्धनाहूनच दिलेला असून तोही रिद्धपूरला सापडला. ज्या नगरातून प्रभावतीने गुप्तांचे नाव पुढे करून राज्य राखले, त्याच नगरातून परका राजा गावे दान देऊ लागला. नरेंद्रसेनाचा मुलगा दुसरा पृथिवीषेण आपल्या बुडालेल्या घराण्याला दोनदा वर काढल्याचे सांगतो. विजयाच्या भाषेत लिहिलेली ती दोन पराभवांची कबुलीच आहे.

पृथिवीषेणानंतर ही शाखा संपली. वाकाटकांच्याच दुसऱ्या, वाशिमच्या म्हणजे वत्सगुल्माच्या, शाखेतला हरिषेण काही काळ सर्वांत प्रबळ झाला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवले आणि त्या लेण्यातल्या लेखात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, लाट आणि आंध्र यांची नावे राजाच्या प्रभावाच्या संदर्भात येतात. पाचव्या शतकाच्या अखेरीस तेही वैभव मावळले. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’च्या आठव्या उच्छ्वासातली विदर्भाची कथा मिराशींनी या पतनाशी जोडली. त्या कथेतला तरुण राजा अनंतवर्मा दंडनीतीकडे पाठ फिरवतो, अनुभवी मंत्र्याचे ऐकत नाही, खुशमस्कऱ्यांत रमतो. अश्मकाचा राजा आपली माणसे त्याच्या दरबारात पेरतो, राज्य आतून पोखरतो, वनवासीच्या राजाला पुढे करतो आणि ऐन युद्धात विदर्भाचेच मांडलिक फितूर होतात. कथा म्हणून लिहिलेले हे प्रकरण राजनीतीचा पाठ म्हणून वाचण्याजोगे आहे.

सोयरिकीची प्रतिष्ठा मात्र घराणे संपल्यावरही उरली. आंध्रातला विष्णुकुंडी राजा माधववर्मा याची राणी वाकाटक कुळातली होती आणि त्यांचा मुलगा विक्रमेंद्रवर्मा दोन्ही कुळांचे भूषण म्हणून वर्णिला गेला. भवनागाचे नाव मिरवणाऱ्या वाकाटकांचे नाव आता दुसरे मिरवू लागले.

बलाढ्य शेजाऱ्यांमध्ये मध्यम ताकदीच्या राज्याने स्वतःला कसे सांभाळावे, हा वाकाटकांपुढचा प्रश्न आज ग्रीसपुढेही उभा आहे. कार्ल्याच्या लेण्यातले खांब दान करणाऱ्या यवनांमुळे ग्रीसचे नाव महाराष्ट्राला दोन हजार वर्षांपासून परके नाही. आजचा ग्रीस सुमारे एक कोटी लोकसंख्येचा, बेटांनी विखुरलेला देश आहे आणि त्याचा शेजारी तुर्कस्तान त्याच्या कित्येक पट मोठा. १९५२ मध्ये दोन्ही देश एकाच वेळी नाटोत गेले. तरी १९७४ मध्ये तुर्की फौजा सायप्रसमध्ये उतरल्या तेव्हा नाटो त्यांना अडवू शकली नाही. १९९५ मध्ये तुर्कस्तानच्या संसदेने, ग्रीसने एजियन समुद्रात आपली हद्द बारा सागरी मैलांपर्यंत वाढवली तर ते युद्धाचे कारण मानू, असा पवित्रा घेतला. एकाच मित्रावर भिस्त ठेवण्यातला धोका ग्रीसला असा अनुभवाने कळला.

त्यावर ग्रीसने केलेली तजवीज अनेकपदरी आहे. १९८१ मध्ये तो युरोपीय समुदायात गेला. २०१८ च्या प्रेस्पा करारात उत्तर मॅसिडोनियाशी नावाचा जुना तंटा मिटवला. २०२१ मध्ये फ्रान्सशी परस्परसंरक्षणाचा करार केला. ऑगस्ट २०२३ मध्ये भारताशी सामरिक भागीदारी जाहीर केली. याशिवाय अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनीत स्थायिक झालेला ग्रीक समाज हे त्याचे मोठे बळ आहे. सायप्रसनंतर ग्रीकवंशीय अमेरिकनांनी काँग्रेसवर आणलेल्या दडपणामुळे १९७५ मध्ये अमेरिकेने तुर्कस्तानला शस्त्रे देणे बंद केले. पण अमेरिकेचे स्वतःचे हित आड आले तेव्हा, १९७८ मध्ये, ती बंदी उठली आणि सायप्रसची फाळणी तशीच राहिली. दूर गेलेली आपली माणसे यजमान देशाला बोलते करू शकतात. त्याचे हित मात्र बदलू शकत नाहीत. २०१० च्या कर्जसंकटात तर ग्रीसच्या अर्थकारणाच्या अटी बाहेरचे ठरवू लागले. तिजोरी रिकामी झाली की मित्रांपुढेही आवाज उरत नाही, हा त्या संकटाचा धडा होता.

दीड हजार वर्षांचे अंतर आणि राजेशाही व लोकशाही यांतला फरक ध्यानात घेऊनही दोन्ही अनुभवांचा निष्कर्ष एकच निघतो. मध्यम ताकदीच्या राज्याला नातीगोती लागतातच आणि ती जोडण्यात कमीपणा नाही. प्रभावतीगुप्तेने माहेरचे नाव पुढे केले म्हणूनच तिच्या मुलांचे राज्य टिकले. मात्र नाते परस्परांच्या गरजेवर उभे असते आणि गरज संपली की ते सैल होते, म्हणून ते एकाहून अधिक ठिकाणी आणि सुस्थितीत असतानाच जोडावे लागते. नरेंद्रसेनाने कुंतलाकडे हात पसरला तेव्हा वेळ निघून जात होती. चम्मकच्या ताम्रपटातली कलमे हा या धोरणाचा दुसरा अर्धा भाग आहे: सरहद्दीवरची माणसे समाधानी आणि निष्ठावंत असली पाहिजेत, मंत्र्यांचे ऐकले गेले पाहिजे, तिजोरी भरलेली असली पाहिजे. ज्या राज्याचे घर धड असते, त्याच्याच मैत्रीला शेजारी किंमत देतात.