परक्या हवेतला माड

जेथे एखादे झाड आपण होऊन कधी उगवले नसते तेथे ते लावावे आणि नाना उपायांनी जगवावे, ही हौस मनुष्यास फार पुरातन काळापासून आहे. तिच्यात काही वावगे असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. उलट ज्याच्या अंगणात असे झाड उभे असते त्याचे आपण कौतुकच करतो. आम्हास मात्र असे वाटते की, या निरुपद्रवी दिसणाऱ्या हौसेच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो केवळ बागाईत करणाऱ्यांपुरता नाही. त्याचाच थोडा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

विचार अधांतरी राहू नये म्हणून उदाहरण आमच्या नागपूरचेच घेऊ. येथील जुन्या वस्त्यांतून हिंडताना मधूनच एखाद्या घराच्या कुंपणाआड माड दिसतो. पुष्कळदा ते घराणे मूळचे कोकणातले असते. दोन-तीन पिढ्या इकडे गेल्या, बोलण्यातले हेल गेले, गावच्या घराची वाटही विसरली गेली. पण अंगणात माड हवाच. नारळाची गरज म्हणावी, तर ती दक्षिणेकडून येणाऱ्या मालाने बाजारात केव्हाच भागलेली आहे. तेव्हा हा माड गरजेपोटी लावलेला नसतो, तो जिव्हाळ्यापोटी लावलेला असतो. आणि म्हणूनच त्याच्याविषयी कठोर बोलणे जिवावर येते.

परंतु हवा जिव्हाळा जाणत नाही. समुद्र येथून शेकडो मैल दूर, आणि शहर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचावर. २३ मे २०१३ रोजी नागपुरात उष्णतामान ४७.९ अंशांपर्यंत चढले होते, आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ते ३.५ अंशांपर्यंत उतरले. ज्या झाडास बारमास सत्तावीस अंशांच्या आसपासची दमट हवा मानवते, त्यास ही दोन टोके कशी वाटत असतील याची कल्पना करावी. शिवाय नारळ फुलोऱ्यापासून पक्व होण्यास सुमारे बारा महिने लागतात. गहू थंडीत वाढतो आणि वैशाखाच्या आधी सुटतो. ज्वारीचीही ऋतूशी काही तडजोड असते. माडास तशी पळवाट नाही. येथे धरलेल्या प्रत्येक नारळास पिकण्यापूर्वी एक पौष आणि एक वैशाख, दोन्ही भोगावेच लागतात. मग फळे लहान राहिली, कोवळेपणी गळाली, झावळ्यांची टोके करपली, तर त्यात नवल ते काय?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ताडाच्या कुळास थंडी मुळीच वर्ज्य आहे, असे नाही. कुमाऊँत पिथोरागडजवळच्या डोंगरावर ताडाची एक जात रानात वाढते आणि हिवाळ्यातले बर्फ अंगावर झेलते. बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०५ साली तिचे वर्णन केले. इतके दूर तरी कशास जावे? आपल्या ओढ्यानाल्यांच्या काठी वाढणारी शिंदी याच कुळातली. तिला कोणी आळे करीत नाही, पाणी घालीत नाही. पौष आणि वैशाख दोन्ही तिच्या अंगावरून जातात. तेव्हा दोष कुळाचा नाही. अमुक एक झाड आणि अमुक एक जागा यांचा मेळ बसतो की नाही, एवढाच प्रश्न आहे.

आता हे कुळ ज्याने परक्या हवेत वाढवावयास घेतले, त्याने त्याची घडण जाणून घेणे अगत्याचे आहे. कडुनिंबाची फांदी मोडली तर दुसरी फुटते. त्याच्या सालीखाली वाढीचा जो थर असतो तो जखमा हळूहळू भरून काढतो. माडास, ताडास, शिंदीस असा थर नसतो. खोडास झालेली जखम जन्मभर तशीच राहते. माडाची आणि ताडाची सारी वाढ शेंड्यातल्या एकाच कोंबात साठवलेली असते. तो कोंब मेला की झाड मेले. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, थंडीने कोंब मारला तरी जुन्या झावळ्या कित्येक आठवडे हिरव्यागार दिसतात. मालक समाधानाने म्हणतो, 'या हिवाळ्यातूनही निभावला!' पुढे एके दिवशी मधली न उलगडलेली झावळी हातात धरून ओढावी तो ती अलगद उपसून येते, आणि मग कळते की, आपण इतके दिवस मेलेल्या झाडाची वाखाणणी करीत होतो. चुकीची वार्ता उशिरा पोचते आणि दुरुस्तीस वाव नसतो. ज्या प्रयोगाची अशी स्थिती, तो करणाऱ्याने हात घालण्यापूर्वीच विचार करावा, हे उघड आहे.

हौसेला मोल नाही, असे आपल्याकडे म्हणतात. मोल असतेच, ते कोणाच्या पदरचे जाते एवढाच प्रश्न असतो. माडाच्या बाबतीत हौस आपली आणि मोल झाडाचे, असा हा व्यवहार आहे. तो न्याय्य आहे काय?

यावर एक उत्तर तत्काळ मिळते ते असे की, झाडास भावना नसतात. ज्यास दुःख नाही त्याच्यावर अन्याय कसला? याच्या उलट टोकास दुसरे लोक सांगतात की, माडास कोकणाची आठवण येते, तो समुद्रासाठी झुरतो. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे टाकून द्यावीत. बंगालमधील फरीदपूर येथे एक खजुरीचे झाड होते, ते आपल्या शिंदीच्याच जातीचे. देवळातल्या घंटा वाजण्याच्या सुमारास, सायंकाळी, ते मान जमिनीवर टेकी आणि सकाळी पुन्हा उभे राही. लोक त्याच्या भक्तीने थक्क होऊन दर्शनास येत. जगदीशचंद्र बसूंनी यंत्रे लावून त्याच्या हालचालींची नोंद घेतली आणि दाखवून दिले की, हवा तापली की झाड झुकते, निवली की उठते. हा वृत्तांत त्यांनी १९१८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आहे. यातून दोन गोष्टी आम्ही घेतो. झाड उष्णता आणि थंडी यांविषयी बेफिकीर नाही, ही एक. आणि त्याच्या हालचालींवर आपले मनोविकार लादण्याचा आपणास अधिकार नाही, ही दुसरी. विरह जो काही आहे तो अंगणाच्या मालकाचा. झाडाला दुःख होवो वा न होवो, त्याचे स्वतःचे असे एक भले असते: मूळ धरणे, वाढणे, फुलणे, फळणे, आणि आपल्यामागे आपल्यासारखे ठेवणे. ते भले आपण आपल्या हाती घेतले की, आपल्याकडे काही देणे लागते. एवढ्याच पायावर आमचा विचार उभा आहे.

दुसरे उत्तर अधिक भारदस्त आहे. निसर्गाने जे जेथे ठेवले ते तेथेच असू द्यावे. मनुष्याने त्यात ढवळाढवळ करू नये. हे ऐकावयास बरे वाटते. पण ते मान्य केले तर आपल्या स्वयंपाकघरातून मिरची आणि बटाटा दोन्ही उचलावे लागतील. माड स्वतःच समुद्राच्या लाटांवरून आणि दर्यावर्दी लोकांच्या गलबतांतून देशोदेशी गेलेला आहे. आणि नागपूरकराने तर हे उत्तर तोंडातून काढूच नये; कारण ज्या संत्र्याने या शहराचे नाव सर्वत्र नेले ते भोसल्यांच्या अमदानीत औरंगाबादेकडून येथे आले असे सांगतात.

या संत्र्याकडे जरा निरखून पाहावे. बागाईतदार त्याचे पाणी ठरावीक काळ तोडतो; त्यास 'ताण देणे' म्हणतात. हिवाळ्यातल्या थंडीचा ताण बसला की माघाच्या सुमारास झाड फुलते, तो आंबिया बहार. मे महिन्याच्या तापात ताण बसला की पहिल्या पावसाबरोबर फुलते, तो मृग बहार. ज्या दोन ऋतूंच्या कचाट्यात माड सापडतो तेच दोन ऋतू संत्र्याने फुलण्याची निमित्ते करून घेतली. दोन्ही झाडे बाहेरून आलेली. पण एक ही हवा सोसते आणि दुसऱ्यास ती मानवली.

सोसणे आणि मानवणे हे दोन शब्द आपल्या भाषेने वेगळे ठेवले आहेत हे तिचे मोठे शहाणपण आहे. कोणी नव्या गावी राहावयास गेला की, 'तिकडची हवा मानवली का?' असे आपण विचारतो, 'सोसते का?' असे विचारीत नाही. मग झाडासंबंधीच 'जगते आहे ना!' एवढ्यावर आपले समाधान का व्हावे?

तथापि मानवणे म्हणजे सर्व काही झाले, असेही नाही. गेल्या चार-साडेचार शतकांत ताडाच्या झाडांचे जे प्रयोग थंड देशांत झाले, त्यांतील तीन येथे उपयोगी पडतील. लंडनजवळच्या क्यू उद्यानात १८४६ साली चिली देशातील बीजापासून एक ताड वाढवण्यात आला. मोठ्या काचघरात तो दीडशेहून अधिक वर्षे वाढला आणि अखेर छपरास जाऊन भिडला. इतके थोर झाड हलवणे शक्य नव्हते. २०१३ साली सुरू झालेल्या त्या काचघराच्या जीर्णोद्धाराच्या वेळी ते तोडावे लागले. ज्या छपराने त्यास राखले त्याच छपराखाली त्याची वाढ संपली. त्याच्या रखवालदारांनी हयगय केली असे कोणी म्हणणार नाही. पण आश्रय देताना आश्रिताची पुरती वाढ डोळ्यांपुढे धरली नाही तर काय होते, ते यात दिसते.

दुसरा प्रयोग इटलीतील पादुआचा. तेथील विद्यापीठाच्या उद्यानात १५८५ साली भूमध्य समुद्राच्या काठचा एक बुटका ताड लावला. १७८६ साली जर्मन कवी गटे याने तो पाहिला, आणि वनस्पतींच्या रूपांतराविषयी तो जो विचार करीत होता त्यास त्या पानांनी चालना दिली. तो ताड आजही उभा आहे. त्याच्याभोवती काचघर आहे. सव्वाचारशेहून अधिक हिवाळे त्याने काढले यात त्याच्या चिवटपणाइतकाच वाटा न तुटलेल्या राखणीचा आहे. ज्याने तो लावला त्याचे वचन त्याच्या मागून येणाऱ्या माळ्यांनी पिढ्यानुपिढ्या पाळले. संस्थेस हे साधते. कुटुंबास साधते काय? घर विकले जाते, मुले परगावी जातात, वाडा पाडून इमारत उठते. माड मात्र साठ-सत्तर वर्षांची आशा करून उभा असतो.

तिसरा प्रयोग सर्वांत यशस्वी, आणि म्हणूनच सर्वांत विचार करावयास लावणारा. चीनमधील एक काटक ताड एकोणिसाव्या शतकात युरोपात गेला. शून्याखाली दहा अंशांची थंडीही तो सोसतो. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडील तिचीनो प्रांतात तो इतका रुळला की बागांतून निसटून रानात शिरला आणि तेथील झाडांखालची जागा व्यापू लागला. शेवटी २०२४ साली त्या देशाने त्याच्या विक्रीस बंदी केली. आपल्या रानांत घाणेरीने काय केले ते ज्यांनी पाहिले आहे त्यांस याचा विस्तार सांगावयास नको. म्हणजे परक्या झाडास हवा मानवली नाही तर झाडाचे देणे राहते, आणि अति मानवली तर भूमीचे. लावणाऱ्याची सुटका दोन्हीकडून नाही.

यावरून आम्ही असे म्हणत नाही की कोणी परके झाड लावूच नये. आमचे म्हणणे इतकेच की, लावण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतःस विचाराव्यात. ही हवा या झाडास मानवण्याचा काही संभव आहे, की केवळ आमच्या राखणीवरच ते जगेल? राखणीवरच जगणार असेल, तर आमच्यामागे राखणारा कोण? आणि ते जोमाने फोफावले, तर ज्यांची ही भूमी आधीपासून आहे त्यांचे काय? यांची उत्तरे देता येत असतील तर खुशाल लावावे. ज्यांच्या अंगणात माड आधीच उभा आहे त्यांस हे प्रश्न उशिराचे आहेत. त्यांनी उन्हाळ्यात आळ्यास पाणी कमी पडू देऊ नये, पौषातल्या रात्री कोवळ्या रोपावर गोणपाट टाकावे, आणि फळ लहान आले म्हणून झाडास बोल लावू नये. बोलावून आणलेल्याने परत जाऊ नये अशी ज्याची घडण, त्याच्याशी वागण्याची हीच रीत आहे.

हा विचार झाडांपाशीच थांबत नाही, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. गावचे घर बंद करून शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर आणलेले आई-वडील; आपली कधीकाळची इच्छा पुरी करण्यासाठी नावडत्या विद्येस बसवलेला मुलगा; यांच्यासंबंधी कोणी विचारले असता, 'छान आहे, काही तक्रार नाही', असे आपण सांगतो. तक्रार नसणे हा सोसण्याचाही गुण असतो. माणसास निदान विचारता तरी येते. कोंब शाबूत आहे की नाही ते झावळ्यांच्या हिरवेपणावरून ठरवण्याची पाळी तेथे येण्याचे कारण नाही; तरी आपण विचारीत नाही, कारण उत्तर काय येईल याची धास्ती असते.

राहता राहिली शिंदी. तिच्या पानांच्या केरसुण्या होतात, आणि लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी नवी केरसुणी आणून आपण तिला हळदकुंकू वाहतो. ज्या कुळातले एक झाड कल्पवृक्ष म्हणून शेकडो मैलांवरून आणून जपावयाचे, त्याच कुळातले दुसरे दाराबाहेर कोणी न राखता उभे असते. नागपुरातल्या कोकणस्थ घरास शिंदी माडाच्या जागी चालणार नाही, हे आम्ही जाणतो. तिला शहाळे धरत नाही आणि तिच्या सावलीत आजोळ आठवत नाही. परंतु ज्यास नव्याने अंगणात काही लावावयाचे आहे आणि अजून काहीच ठरलेले नाही, त्याने एकदा नाल्याकाठी जाऊन तिच्याकडे पाहून यावे, एवढेच आमचे सांगणे आहे.