दृष्टी कुणाच्या मोलाने?

दसरा-दिवाळी सरली की आमच्या बीड जिल्ह्यातील वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे लेकराबाळांसह ऊसतोडीला निघतात. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील असेच एक कुटुंब हंगाम अर्ध्यावर सोडून फडावरून परतले. कोपीत खेळता खेळता त्यांच्या लहान मुलाने तंबाखूसाठी आणलेली चुन्याची पुडी दाबली. पुडी फुटली आणि चुना उजव्या डोळ्यात उडाला. जखम भरली, परंतु डोळ्यावर पांढरा पडदा चढला. ‘स्टेम सेल’, म्हणजे मूलपेशी, बसवून पाहता येतील, असे शहरातील डॉक्टरांनी सांगितले. मुलाची आई आमच्याकडे आली. ती खर्चाविषयी विचारील, असे आम्हांस वाटले होते. तिने विचारले, “फादर, हे कुणाचं काढून लावणार हायेत? दुसऱ्याचं लेकरू आंधळं करून माझं डोळस व्हायला नको.”

सेमिनरीत नीतिशास्त्राचे जे धडे आम्ही वर्षानुवर्षे गिरवले, त्यांचे सार अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीच्या एका प्रश्नात होते. त्याच प्रश्नाचा येथे थोडा विचार करू.

प्रथम उपचार समजून घेऊ. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. त्याच्या वरच्या थरातील पेशी सतत झिजतात आणि नव्या येतात. त्या नव्या पेशी पुरविणाऱ्या मूलपेशी कॉर्निया व डोळ्याचा पांढरा भाग यांच्या सीमेवर असतात. चुन्याने ही सीमाच जळते. मग शेजारचा थर रक्तवाहिन्यांसह कॉर्नियावर पसरतो आणि दृष्टी झाकोळते. इटलीतील पेलेग्रिनी व डी लुका या शास्त्रज्ञांनी 1997 साली रुग्णाच्याच निरोगी डोळ्यातील मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवून जखमी डोळ्यावर बसविल्याचे प्रसिद्ध केले. पुढे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. वीरेंद्र सांगवान व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली सोपी पद्धत मांडली. निरोगी डोळ्याच्या कडेचा अगदी लहान तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि जखमी डोळ्यावर गर्भवेष्टनाचा पातळ पापुद्रा अंथरून त्यावर ते चिकटवायचे. पेशी तेथेच वाढतात. महागड्या प्रयोगशाळेची गरज उरत नाही. हा पापुद्रा बाळंतपणानंतर मातांनी दान केलेला असतो. म्हणजे त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर होते: “बाई, त्याचंच आहे. त्याच्याच डाव्या डोळ्याचं. आणि तो डोळाही शाबूत राहील.”

परंतु मूलपेशी मिळविण्याचा दुसराही मार्ग आहे. 1998 साली अमेरिकेत मानवी भ्रूणापासून मूलपेशी वेगळ्या करून वाढविण्यात आल्या. त्या शरीरातील कोणत्याही ऊतीचे रूप घेऊ शकतात. मात्र त्या काढताना काही दिवसांच्या भ्रूणाचा नाश होतो. ख्रिस्तसभेने 2008 सालच्या ‘दिग्नितास पेर्सोने’ या सूचनापत्रात या दोन मार्गांतील भेद स्पष्ट केला आहे. प्रौढ शरीरातून, नाळेच्या रक्तातून, दात्याला गंभीर इजा न करता घेतलेल्या मूलपेशींना तिचा विरोध नाही; उलट अशा संशोधनास तिचे उत्तेजन आहे. जिवंत भ्रूण नष्ट करून मिळविलेल्या मूलपेशींना मात्र तिची संमती नाही.

येथे सुज्ञ वाचक विचारतील: संततिउपचारात उरलेले भ्रूण कधी ना कधी टाकूनच दिले जाणार, मग ते एखाद्या आंधळ्या लेकराच्या कामी आले तर बिघडले कुठे? हा आक्षेप हलका नाही, आणि तो घेणारे निर्दय असतात असेही नाही. पण मरणाच्या दारी असलेला माणूस ‘नाहीतरी जाणारच’ म्हणून त्याचे काळीज आपण काढून घेत नाही. ज्याला कोणी वाली नाही, त्याच्याविषयीची आपली जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. त्याला चेहरा नाही, आवाज नाही, हे खरे. परंतु ज्याचा आवाज ऐकू येत नाही त्याला मोजायचे नाही, ही सवय किती महाग पडते, हे बीड जिल्ह्याइतके कोणास ठाऊक? 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे आमच्या जिल्ह्यात केवळ 807 मुली उरल्या होत्या. त्या मुलींनाही चेहरा नव्हता. एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याला गणतीतून वगळले की, ती वजाबाकी कोठे थांबेल हे सांगता येत नाही.

तरीही सर्वांत अवघड प्रश्न उरतोच. या मुलाचा दुसरा डोळा निरोगी होता. दोन्ही डोळे जळाले असते आणि भ्रूणाखेरीज मार्ग नसता, तर आम्ही त्या आईस काय सांगितले असते? वाचकहो, आम्ही ‘नाही’च म्हटले असते, पण ते सहज उच्चारता आले नसते. आणि नुसते ‘नाही’ म्हणून मोकळे होण्याचा अधिकारही आम्हांस नव्हता. जो दुसऱ्याला एक दार बंद करण्यास सांगतो, त्याने दुसरे दार उघडण्यासाठी स्वतः खांदा लावला पाहिजे. विज्ञानाने असे दार शोधून दाखविलेही आहे. जपानचे शिन्या यामानाका यांनी 2006 साली उंदराच्या, तर 2007 साली माणसाच्या साध्या पेशींना भ्रूणपेशींसारखे रूप दिले आणि 2012 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा पेशींपासून तयार केलेला थर जपानमध्ये कॉर्नियावर बसविण्यात आला आहे.

आपल्या हाती असलेले दार मात्र याहून जवळचे आहे. उसाचे पान लागून डोळा चिघळतो, त्यात फूल पडते. तो व्रण खोल असेल तर या कडेच्या मूलपेशी पुरत नाहीत. मृताने दान केलेला कॉर्नियाच लागतो. पोप पायस बारावे यांनी 1956 च्या मे महिन्यातच कॉर्नियादात्यांच्या इटालियन संघटनेपुढे बोलताना अशा दानाची नैतिकता मान्य केली होती. मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. शोकाकुल घरात तेवढ्या वेळात निर्णय होत नाही. तो आधीच, जेवणाच्या ताटावर बोलून ठेवावा लागतो. आपल्यापैकी किती घरांत हे बोलणे झाले आहे? भ्रूणाच्या रक्षणासाठी आवाज उठविणारे आपण आपले डोळे मात्र मातीस देत असू, तर आपल्या शब्दांना वजन कोठून येणार?

आणखी एक सावधगिरी. ‘स्टेम सेल’चे नाव घेऊन कोणत्याही दुखण्यावर हमखास गुण देण्याच्या जाहिराती होतात. गरिबाने जमीन विकून आशा विकत घ्यावी, हाही माणसाला साधन करण्याचाच प्रकार आहे. सिद्ध झालेला उपचार कोणता आणि प्रयोग कोणता, हे मोठ्या सरकारी रुग्णालयात विचारल्याविना पैसा देऊ नये.

प्रभू येशूने जन्मांधाच्या डोळ्यांना लावण्यासाठी पायाखालची माती घेतली आणि स्वतःची थुंकी घातली. तेथे दुसऱ्या कोणाचे काही हिरावले गेले नाही. त्या मुलाचा उजवा डोळा आज डाव्याइतका तेज नाही; पण त्या डोळ्याने तो आईचा चेहरा ओळखतो. आणि ती माउली निश्चिंत आहे, कारण त्या दृष्टीपायी कोणाचेही लेकरू हरवलेले नाही.