हिशेब आणि ऋण



अमेरिकेतले विस्कॉन्सिन हे दुधाचे राज्य. तेथील मॅडिसनच्या विद्यापीठाने गोठेवाल्यांसाठी संगणकावरचे एक साधन केले आहे. गाय कितव्या वेताची, व्यायला किती महिने झाले, किती महिन्यांची गाभण, कळपाच्या मानाने दूध किती, दुधाचा नि चाऱ्याचा भाव, नव्या कालवडीची किंमत आणि जुनी गाय कत्तलखान्याला दिली तर येणारे पैसे, एवढे भरले की उत्तर डॉलरमध्ये येते. आकडा अधिक आला तर गाय ठेवावी, वजा आला तर तिच्या जागी कालवड आणावी.

या साधनाला निर्दय म्हणता येणार नाही. दूध आटले म्हणून घाईने काढून टाकावीशी वाटणारी गाभण गाय ठेवण्यातच फायदा आहे, असेही ते कधी सांगते. पण एक रकाना त्यात नाही : आजवर तिने किती दूध दिले. गणिताने ते बरोबरच आहे. दिलेले दूध उद्याचा नफा बदलत नाही. ऋण मात्र मागेच पाहते.

आपल्याकडे १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी आहे. २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. म्हणून आपण हात जोडून मोकळे होतो. पण भाकड गाईची वैरण कोण भरतो? दोन एकरांचा धनी. तो तिला बाजार दाखवतो किंवा रात्री मोकळी सोडतो, तेव्हा आपण त्याला पापी म्हणतो. त्याने बोटांवर केलेला हिशेब आणि त्या यंत्राचा हिशेब एकच असतो.

जुन्नर तालुक्यात आळे येथे रेड्याची समाधी आहे. ज्याच्या मुखातून माउलींनी वेद वदवले, त्यालाच तेथे समाधी दिली, असे परंपरा सांगते. वेद म्हणून झाल्यावर त्या रेड्याचा काय उपयोग उरला होता? तरी त्याला कोणी टाकले नाही.

मला वाटते, तो वजा आकडा म्हणजे आज्ञा नव्हे. ऋण फेडायला किती लागेल, तेवढेच तो सांगतो. ते ओझे एकट्या गरिबाच्या माथी देऊन आपण गोमातेचा जयजयकार करायचा, हे विठोबाच्या दारी कसे चालेल? वारीहून परतलो की आपल्या गावातल्या एका भाकड गाईच्या वैरणीचा वाटा उचलू या.

रामकृष्णहरी.