क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ

सातबाऱ्याच्या उताऱ्यात ‘क्षेत्र’ असा शब्द असतो आणि त्यापुढे हेक्टर-आर. हाच शब्द गीतेच्या तेराव्या अध्यायात देहासाठी येतो. देह हे क्षेत्र, त्याला जाणणारा तो क्षेत्रज्ञ. ज्ञानेश्वरांनी या एका अध्यायावर हजाराहून अधिक ओव्या लिहिल्या. तलाठी आणि तत्त्वज्ञ यांचा संबंध एवढ्यावरच संपला असता. पण मीरा-भाईंदरमधल्या उत्तनच्या किनाऱ्यावर हे दोन्ही अर्थ समोरासमोर आले आहेत. इथल्या क्षेत्राला ७८६ किलोमीटर उंचीवरून एक नवा पाहणारा लाभला आहे.

युरोपचा पहिला सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ साली अवकाशात गेला, दुसरा २०१७ साली. या जोडीमुळे दर पाच दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, उत्तनचे नवे चित्र मिळू लागले. त्यातला सर्वांत लहान चौकोन दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, म्हणजे जवळपास एक गुंठा. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंच्या फरकावरून झाडोरा किती, हे मोजता येते. डोंगरावरचे गवत वैशाखात पिवळे पडते, म्हणून तुलना एकाच ऋतूतल्या चित्रांची करावी लागते. खाडीकाठच्या कांदळवनातले तिवर मात्र बारमाही हिरवे. त्यांच्या जागी रातोरात मातीचा भराव पडला, तर पुढच्या निरभ्र दिवशी त्या गुंठ्याचा आकडा घसरलेला दिसतो. पावसाळ्यात ढग आड येतात. तेव्हा रडारचे उपग्रह कामी येतात.

हे पाहणे विलक्षण आहे. पण हे जाणणे आहे का?

मीरा-भाईंदर महापालिकेचा कचरा वर्षानुवर्षे उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो. जवळच डोंगरी येथे मेट्रो ९ च्या कारशेडसाठी १२,००० हून अधिक झाडे तोडण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये लोकांसमोर आला आणि विरोध झाला. कचराभूमी काय, कारशेड काय, चित्रात दोन्हींची नोंद एकच: झाडोरा गेला, जमीन उघडी पडली. कशासाठी, कोणाच्या संमतीने, कोणाच्या वाट्याला काय आले, यातले काहीच त्या आकड्यात नसते. कचऱ्यातून झिरपणारे पाणी शेतांत उतरते ही ग्रामस्थांची जुनी तक्रार. ते पाणी पिकाचा रंग बदलेपर्यंत वरून दिसत नाही, आणि वास तर कधीच नाही.

सांख्यांचा पुरुष असाच पाहतो. प्रकृतीचा सारा खेळ त्याच्यासमोर चालतो, तो अलिप्त राहतो. मुक्तीच्या वाटेवर हा साक्षीभाव थोर मानला गेला, आणि योग्यच. पण जमिनीचा प्रश्न आला की अलिप्तपणा तोकडा पडतो. गीतेतला क्षेत्रज्ञ क्षेत्रातच नांदतो. शरीर दुखले तर ते त्याला नकाशावरून कळत नाही.

उत्तनमध्ये ख्रिस्ती कोळ्यांची मोठी वस्ती आहे, आणि त्यांच्या धर्मग्रंथात याच प्रश्नाला वेगळी वाट आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात काइन भावाला मारतो, तेव्हा देवाला सारे ठाऊक असते. तरी तो काइनला विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे? तिथे साक्ष देते ती जमीन. रक्त तिच्यातूनच हाक मारते. सर्व काही पाहणाऱ्यालाही करणाऱ्यापाशी येऊन विचारावे लागले, ही गोष्ट फार मोलाची आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात निसर्गाच्या नाशाला पाप म्हणणारा विचार उचलून धरला. पाप म्हटले की करणारा हवा, आणि त्याने ते कबूल करायला हवे. उपग्रहाकडे हा शब्दच नाही. त्याच्याकडे फक्त बदल आहे.

महाराष्ट्रात हे विचारण्याचे काम न्यायालयाने केले. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातल्या कांदळवनांच्या तोडीला मनाई केली आणि उपग्रहचित्रांवरून त्यांचे नकाशे करायला सांगितले. ते काम नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे आले. पुढे हे नकाशे गावनकाशांवर बसवले गेले, म्हणजे निनावी चौकोनाला सर्व्हे नंबर मिळाला, आणि सर्व्हे नंबरामागे सातबारा, त्यावर खातेदाराचे नाव. सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवला.

तरीही चित्रात बदल दिसला की कोणालातरी जागेवर जावेच लागते. भरतीच्या पाण्याने फसवले का, झाडे तोडली की आपोआप वाळली, हे चिखलात उतरल्याशिवाय ठरत नाही. तिथे बांबूच्या वलांडीवर बोंबील घालणारी बाई सांगू शकते की खाडीचे पाणी या बाजूला यायचे कधी थांबले, बांध कोणत्या पावसाळ्याआधी पडला, निवट्या आणि चिंबोऱ्या कुठवर मिळत आणि आता कुठे मिळत नाहीत. पंचनाम्यात तिचे म्हणणे लिहून घेतले जाते की नाही, हे मात्र त्या दिवशी आलेल्या माणसांवर अवलंबून असते.