चढणीचे मासे

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की आमच्या गावात त्या रात्री कोणी झोपत नसे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे गाव म्हटलं की तलाव आलाच. मालगुजारांच्या काळातले म्हणून कागदोपत्री ते माजी मालगुजारी तलाव, बोलताना लोक 'मामा तलाव' म्हणून मोकळे होतात. तलावाची पाळ म्हणजे आमच्याकडची पार, पाणी शेतात सोडायची जागा म्हणजे तुडुम, आणि तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी जिथून वाहून जातं तो सलंग. हे तीन शब्द आमच्याकडच्या पोराला अ-आ-ईच्या आधी येतात.

तर पहिल्या पावसाची रात्र. तलावात येणारा नाला गढूळ होऊन धावू लागला की मासे त्याच्यावर उलटे चढतात. अंडी टाकायला त्यांना उथळ, नवं पाणी लागतं; बांध्यांतून, गवतातून, जिथं म्हणून घोटाभर पाणी साचलं तिथं ते घुसतात. आम्ही पोरं कंदील घेऊन नाल्याच्या तोंडाशी उभे. मासे पायांवर आपटत. हाताने धरावे, टोपल्यात टाकावे. दुसऱ्या दिवशी साऱ्या गावात एकच वास. माशाच्या पोटातली अंडी आई वेगळी काढून तव्यावर परतायची, आणि तो घास मला मिळावा म्हणून मी बहिणीशी भांडायचो. अंडी खाणं म्हणजे पुढच्या वर्षीचे मासे खाणं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी खाल्लीच असती.

मासे मारायला मला शिकवलं ढिवर मोहल्ल्यातल्या माझ्या एका दोस्तानं. त्याच्या बापाला आम्ही सगळे आजा म्हणायचो. आजा नाल्यात कामट्यांचा सापळा लावायचा, पण नाल्याची एक बाजू नेहमी मोकळी सोडायचा. मी एकदा विचारलं, "आजा, इकडून सारे निघून जातात ना?" तो म्हणाला, "जाऊ दे ना बाबू. सारेच अडवले तर पुढच्या साली कोन येईन?" हा त्याचा एकच कायदा. महिना-तारीख त्यात काही नव्हतं. पोटात अंडी असलेली मासोळी तोही धरायचा आणि खायचाही.

नोकरीनिमित्त मी गडचिरोलीत धानोरा तालुक्यात अकरा वर्षं शिकवलं. तिथं गेळाची फळं कुटून डोहात टाकून मासे धरण्याची जुनी रीत पाहिली, आणि तिच्या जागी ब्लिचिंग पावडर आलेलीही पाहिली. गेळाने डोहातले मासे झिंगून वर येतात. पावडरीने नाल्यातलं शेवाळ, झिंगे, बेडूक, सगळंच जातं. पाण्यात विष किंवा स्फोटक टाकून मासे मारायला बंदी घालणारा कायदा इंग्रजांनी 1897 साली केला. त्या कायद्याची एक गोष्ट मला आवडते, तो माणसाला विचारतो, 'कसं मारलं?' 'कधी' आणि 'कोणी' हे प्रश्न त्याने बाकीच्यांवर सोडले.

निवृत्त होऊन गावी परतलो, तेव्हा तलावात मासे कमी झाल्याची ओरड होती. ग्रामसभेत मी उठून बोललो. बोलण्याची सवय होतीच. समुद्रावर पाहा, म्हटलं, दरवर्षी 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, कारण मासे तेव्हा अंडी घालतात. आपणही पहिल्या पावसापासून पोळ्यापर्यंत तलावात, नाल्याच्या तोंडाशी आणि सलंगावर जाळं, सापळा, ढुटी काही लावायचं नाही असं ठरवू. मोडेल त्याला 500 रुपये दंड. लोकांनी हात वर केले. ठराव झाला. मला बरं वाटलं, अगदी खरं सांगतो, शाळेत पोरगा पहिला आल्यासारखं बरं वाटलं.

माझ्या भाषणात एक गोष्ट मी सांगितली नव्हती. समुद्रावरची ती बंदी यांत्रिक होड्यांना असते. वल्ह्याची, बिनइंजिनाची छोटी होडी तिच्यातून वगळलेली आहे. मला ते माहीत होतं. भाषणाच्या ओघात राहून गेलं म्हणावं, तर तसंही नाही. मुद्दा दुबळा होईल म्हणून मी ते गाळलं.

त्या वर्षी आषाढात तलाव भरला आणि सलंग वाहू लागला. खालच्या नाल्यातून मासे चढू लागले. तिसऱ्या रात्री समितीच्या पोरांनी एका बाईला ढुटीसह धरलं आणि माझ्या ओट्यावर आणून उभं केलं. ती माझ्या दोस्ताची बायको होती. दोस्त जाऊन चार वर्षं झाली होती. तलावाचा ठेका ज्या संस्थेकडे, तिच्यात त्याचं नाव सभासद म्हणून होतं. तो गेल्यावर ते नाव बायकोच्या नावावर चढलंच नाही. म्हणजे उन्हाळ्यात संस्थेची मासेमारी होते तेव्हा तिचा वाटा नाही, आणि पावसाळ्यात माझा ठराव.

टोपलीत अर्धा किलो असेल नसेल. बोटभर मासे, दोन शिंग्या, काही झिंगे. शिंग्यांची पोटं तट्ट फुगलेली.

मी म्हटलं, "वहिनी, अंड्यावरची मासोळी आहे हो. दोन महिने थांबायचं ना."

ती आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "गुरुजी, मासोरीचं पोट तुमाले कंदिलात दिसलं. आमचं दिसत नाई का जी?"

आषाढ म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला पाहिजे. तेंदूपत्त्याचे पैसे ज्येष्ठातच संपलेले असतात. पऱ्हे टाकून झालेले, रोवणी अजून लागायची, म्हणून मजुरी नाही. कोठीतलं धान तळाला गेलेलं. सरकारनेही आदिवासींसाठी खावटी कर्ज याच दिवसांकरता काढलं. म्हणजे माशाच्या अंड्याचा महिना आणि माणसाच्या उपाशीपणाचा महिना एकच आहे. हे कोणी ठरवून केलेलं नाही, पाऊसच दोघांचाही मालक. पण नियम करणाऱ्याने ते पाहिलं पाहिजे, आणि मी पाहिलं नव्हतं, कारण पेन्शन आषाढातही येते.

दंड घेतला का? घेतला. पोरं पाहत होती, आणि पहिल्याच माणसाला सोडलं तर ठराव बुडाला असता. 500 रुपये तिने दोन हप्त्यांत दिले. ते मी माझ्या खिशातून भरू शकलो असतो. तसा विचार आलाही, पण ते मला आणखी वाईट वाटलं. तिच्यावर दंडही माझा आणि उपकारही माझेच!

आता खरी गोष्ट. त्याच आठवड्यात मी तलावाच्या मागच्या कोपऱ्यात गरी टाकून बसलो होतो. गरी म्हणजे गळ. हा माझा नोकरीपासूनचा शौक. मोठी सळई, चांगला दोरा, बेडकाचं आमिष. ठरावात जाळं, सापळा, ढुटी होतं, गरी नव्हती. गरी म्हणजे मासेमारी, असं आम्हा कोणालाच वाटलं नाही. पाण्यावर एके ठिकाणी लालसर, शेंदरी असा ठिपक्यांचा थवा हलत होता. मरळीची पिल्लं. मरळ, नर काय नि मादी काय, अंडी टाकून निघून जात नाही. पिल्लं पोहती झाली तरी त्यांच्याखाली राहून राखण करते. जाणता गळवाला म्हणूनच तो थवा शोधतो, कारण त्याच्याजवळ काही पडलं की आईबाप धावून येतात. मी बेडूक बरोबर थव्याच्या कडेला टाकला. मरळ आली. दीड किलोची होती. घरी भाजी झाली, शेजारी वाटली. मागे राहिलेल्या पिल्लांचं काय झालं ते मी पाहायला गेलो नाही, पण बगळे गेले असणारच.

तराजू लावला तर काय दिसतं? वहिनीने अंड्यावरच्या दोन शिंग्या घेतल्या, मी एका गरीत अख्खा थवा उघड्यावर टाकला. तिचा दंड झाला. माझी मरळ ठरावाच्या बाहेर होती.

माझ्या भाच्याचा मुलगा अमेरिकेत ह्यूस्टनला असतो. तो सुटीत मेक्सिकोच्या आखातात होडीतून मासे धरायला जातो. तिथं अँबरजॅक नावाचा दांडगा मासा आहे. तो म्हणाला, आजोबा, तो धरायचे वर्षातले मोजकेच दिवस. एरवी गळाला लागला तरी परत सोडायचा. 34 इंचांपेक्षा लहान असेल तरी सोडायचा, आणि मोठा मिळाला तर माणशी एकच. मी विचारलं, हे सगळं कोळ्यांना? तो म्हणाला, कोळ्यांचे नियम वेगळे आहेत, हे आमच्यासारख्या शौकिनांना. मी फोन ठेवला आणि बराच वेळ गप्प बसलो. तिथं शौकाला मासेमारी म्हणून मोजतात. आम्ही पोटाची मोजली आणि शौकाची मोजायचं विसरलो.

कोणी म्हणेल, आणि आमच्या समितीतल्या एका पोराने म्हटलंच, की अंड्याला काय माहीत धरणारा हात गरिबाचा की गुरुजीचा? उपाशी माणसांनी दररात्री अर्धा किलो नेला तरी तलाव रिकामा होतो. हे खरं आहे, आणि याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. गरिबी म्हणजे तलाव संपवायचा परवाना, असं मीही म्हणणार नाही. तलाव संपला तर पहिली उपाशी तीच राहणार. पण सगळ्यांना सारखा नियम लावला म्हणजे सगळ्यांकडून सारखं घेतलं, असं होत नाही. माझ्याकडून नियम एक भाजी घेतो, तिच्याकडून जेवण. दोघांनाही 'दोन महिने थांबा' म्हणायचं, तर तिच्या त्या दोन महिन्यांची सोय कोणी केली, हे आधी सांगावं लागतं.

शिवाय कोणता मासा वाचवतोय, हेही आम्ही नीट पाहिलं नव्हतं. संस्था तलावात सोडते ते कटला आणि रोहू अशा बांधलेल्या पाण्यात सहसा अंडीच घालत नाहीत. त्यांना नदीचा पूर लागतो. हिरालाल चौधुरींनी 10 जुलै 1957 ला ओडिशात अंगुलला इंजेक्शन देऊन अशा माशांकडून अंडी घालवून घेतली, तेव्हापासून त्यांचं बीज विकत मिळू लागलं. म्हणजे बंदीने राखले जातात ते मरळ, शिंगी, वाम असे इथलेच मासे. आणि त्यांतल्या मरळीचा सगळ्यात मोठा वैरी गरीवाला.

धानोऱ्याकडे मेंढा (लेखा) गाव आहे. सामूहिक वनहक्क देशात सगळ्यांत आधी, 2009 साली, मिळालेल्या गावांत त्याचं नाव घेतात. तिथं हात मोजून निर्णय होत नाही; सगळ्यांचं एकमत होईस्तोवर बसतात. मी त्या भागात अकरा वर्षं राहून आलो आणि आमच्या गावी हात मोजले. वहिनी त्या सभेला नव्हती. तिच्या मोहल्ल्यातली एकही बाई नव्हती.

पुढच्या ग्रामसभेत मी मरळीची गोष्ट सांगितली. काही हसले, काहींना वाटलं गुरुजी म्हातारे झाले. माझा दंड मीच 500 लावून घेतला. तो लावायला दुसरं कोणी तयार होईना, हेही लिहून ठेवतो. ठराव बदलला. गरी पहिल्या ओळीत आली. सलंग आणि नाल्याचं तोंड बंदच राहिलं, पण बांध्यांत, गुडघाभर पाण्यात हाताने किंवा ढुटीने घरापुरते मासे धरायला मुभा दिली. या वेळी बायका होत्या. त्यांनी एक अट घातली, बांध्याचं पाणी दोन्हीकडून कोणी अडवायचं नाही, एक बाजू मोकळी पाहिजे. आजाला जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

हे सगळं बरोबर झालं का, मला सांगता येत नाही. बांध्यांत चढलेली मासोळीही अंड्यावरचीच असते. संस्थेत वहिनीचं नाव अजून चढायचं आहे. अर्ज मीच लिहून दिला, दोनदा. ती मला रस्त्यात भेटली की पदर सावरते, "या गुरुजी" म्हणते, थांबत नाही.

आता श्रावणात मी पारीवर जातो तो गरी न घेता. कधी तो शेंदरी थवा दिसतो. खाली मोठी सावली हलते. हात शिवशिवतो, आणि मी तिथंच बसून राहतो.